एक अख्खं साम्राज्य विस्मरणात कसं जातं?

आजच्या पश्चिम तुर्कस्तानात कराबेल नावाची एक खिंड आहे. तिथल्या कड्यावर एका पुरुषाची आकृती कोरलेली आहे. डोक्यावर उंच टोकदार टोपी, हातात धनुष्य आणि भाला, चेहऱ्यासमोर काही चिन्हं. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं या भागातल्या अशा शिल्पांबद्दल लिहिलं आणि सांगून टाकलं की हा इजिप्तचा राजा सेसोस्ट्रिस. त्यानं हा मुलूख जिंकला आणि आपली खूण मागे ठेवली, अशी त्याची समजूत होती.

हेरोडोटस या भागाला परका नव्हता. त्याचा जन्म त्याच किनारपट्टीवरच्या हालिकार्नासस शहरातला. तरीही शिल्प कुणाचं, हे त्याला सांगू शकेल असं एकही माणूस त्या मुलखात उरलं नव्हतं. त्या चिन्हांचं नीट वाचन थेट १९९८ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जॉन डेव्हिड हॉकिन्स यांनी प्रसिद्ध केलं. आकृती मीरा नावाच्या राज्याच्या तार्कास्नावा या राजाची निघाली. मीरा हे हिटाइट साम्राज्याचं मांडलिक राज्य होतं. म्हणजे शिल्पातला राजा स्थानिकच होता, आणि त्याच्यात आणि हेरोडोटसमध्ये जेमतेम आठशे वर्षांचं अंतर होतं.

हे हिटाइट म्हणजे कुणी किरकोळ टोळी नव्हे. इ.स.पू. चौदाव्या आणि तेराव्या शतकांत पश्चिम आशियात जी तीन-चार बलाढ्य राज्यं होती, त्यांतलं हे एक. राजधानी हात्तुसा, आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास आजच्या सीरियातल्या कादेशच्या मैदानात त्यांनी इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसशी टक्कर घेतली. रामसेसनं आपल्या देवळांच्या भिंतींवर हा आपला मोठा विजय म्हणून कोरून घेतला, पण लढाईनंतर कादेश हिटाइटांकडेच राहिलं. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी दोन्ही बाजूंनी तह केला, आणि त्या तहाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आज आपल्याकडे आहेत. आपल्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट याच राजधानीत सापडली: हिटाइट राजा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा राजा यांच्यातला चौदाव्या शतकातला एक तह. साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत तिथे मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावं आहेत.

एवढं मोठं साम्राज्य लोक विसरले ते तीन हजार वर्षं. बायबलमध्ये त्यांच्यासारखं नाव येतं, पण कनानमधल्या, म्हणजे आजच्या इस्राएल-लेबनॉनच्या बाजूच्या मुलखातल्या, अनेक जमातींपैकी एक म्हणून. १८३४ मध्ये शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी हात्तुसाच्या अवशेषांपर्यंत पोचला, तेव्हा आपण काय पाहतो आहोत हे त्याला उमगलं नाही. १९०६ मध्ये ह्युगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी तिथे खोदकाम सुरू केलं, आणि मातीच्या लेखांचे हजारो तुकडे बाहेर आले. त्यांतच रामसेसबरोबरच्या तहाची दुसऱ्या बाजूची प्रत होती. ती हातात आल्यावर आपण राजधानीतच उभे आहोत, याबद्दल विंकलरला शंका उरली नाही.

साम्राज्य पडतं कसं, यावर खूप लिहिलं जातं. ते विसरलं कसं जातं, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून आधी पडझडीकडे पाहू.

त्या काळचं जग कसं चालत होतं, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा जमिनीवर नव्हे, समुद्राच्या तळाशी मिळाला. १९८२ मध्ये तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला खोल पाण्यात विचित्र आकाराचे धातूचे तुकडे दिसले. तिथे इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं एक व्यापारी जहाज बुडालेलं होतं. ते चाळीस मीटरहून जास्त खोलीवर असल्यामुळे पाणबुड्यांना एका वेळी थोडीच मिनिटं काम करता येई. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं हे काम चाललं आणि त्यासाठी बावीस हजारांहून जास्त वेळा पाण्यात उतरावं लागलं.

जहाजात सुमारे दहा टन तांबं होतं. बहुतेक तांब्याच्या मोठ्या चपट्या लगडी होत्या, चार कोपरे पुढे आलेल्या, उचलून न्यायला सोयीच्या. हे तांबं सायप्रसचं. त्याबरोबर सुमारे एक टन कथिल. शिवाय निळ्या काचेच्या लगडी, आफ्रिकेतलं काळं लाकूड, हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात, कनानी घाटाच्या दीडशेच्या आसपास बरण्या आणि त्यांतल्या बऱ्याच बरण्यांत सुगंधी राळ. नेफरतिती राणीचं नाव असलेली सोन्याची मुद्रा होती. मिटता येणारी, हस्तिदंती बिजागरीची लाकडी पाटीही होती. तिच्या आतल्या खोलगट भागात मेण भरून त्यावर लिहीत. मेण गेलं, अक्षरंही गेली.

आता दहा टन तांबं आणि एक टन कथिल हे प्रमाण बघा. चांगलं ब्राँझ करायला साधारण नऊ-दहा भाग तांब्यात एक भाग कथिल लागतं. म्हणजे या एका जहाजात अकरा टन ब्राँझचा कच्चा माल होता. तलवारी, भाले, चिलखतं, रथांचे भाग, करवती, कुऱ्हाडी, सगळं ब्राँझचं. तांबं बऱ्याच ठिकाणी मिळे, पण कथिल फार थोड्या ठिकाणी. त्यातलं बरंचसं मध्य आशियाच्या बाजूनं, कितीतरी हात बदलत, डोंगर-वाळवंटं ओलांडून येत असे. हात्तुसाच्या राजाला सैन्य उभं करायचं तर ज्यांची नावंही त्यानं ऐकली नव्हती अशा लोकांवर अवलंबून राहावं लागे. ग्रीसमधल्या मायसिनीच्या राजाचं तेच, इजिप्तचंही तेच.

हा व्यवहार सांभाळण्याचं काम राजवाड्यांचं होतं. इथे राजवाडा म्हणजे नुसतं राजाचं घर नव्हे. तो कोठार, कारखाना, बँक आणि सरकारी कचेरी एकत्र असा होता. धान्य तिथे जमा होई, तिथूनच वाटलं जाई. लोहाराला धातू तिथून मिळे, विणकर बायकांना लोकर तिथून मिळे. किती दिलं आणि किती आलं याची नोंद ठेवायला लेखनिक असत.

ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातले असे सुमारे हजार लेख आपल्याला मिळाले आहेत. ते जपून ठेवण्यासाठी लिहिलेच नव्हते. ओल्या मातीच्या पट्टीवर त्या-त्या वर्षाचा हिशेब लिहायचा आणि वर्ष संपलं की माती पुन्हा कालवायची, अशी पद्धत. इ.स.पू. ११८० च्या सुमारास राजवाड्याला आग लागली, त्या आगीत पट्ट्या भाजून निघाल्या आणि टिकल्या. त्यामुळे आपल्या हाती जे आलं आहे ते त्या राजवाड्याच्या शेवटच्या वर्षाचं दप्तर आहे. त्यात वल्ही मारणाऱ्यांच्या याद्या आहेत. लोहारांना वाटलेल्या ब्राँझचा हिशेब आहे. आणि एका संचाची सुरुवात अशी आहे: ‘पहारेकरी किनाऱ्याची राखण अशी करत आहेत’. पुढे कुठल्या टप्प्यावर कुणाच्या हाताखाली किती माणसं, याची यादी. या पहाऱ्यामागे येणाऱ्या संकटाची चाहूल होती, की दर वर्षीची नेहमीची व्यवस्था, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला ते वाचताना धास्ती जाणवते, पण लिहिणाऱ्यानं आकड्यांपलीकडे एक शब्दही जास्त लिहिलेला नाही.

मग नेमकं झालं काय? शालेय पुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत एक सुटसुटीत उत्तर फिरत असतं: ‘समुद्री लोक’ आले आणि त्यांनी सगळं जाळलं. या उत्तराचा मोठा आधार एकच भिंत आहे. इजिप्तमधल्या मेदिनेत हाबू इथल्या देवळावर तिसऱ्या रामसेसनं आपल्या आठव्या वर्षाची, म्हणजे इ.स.पू. ११७७ च्या आसपासची, हकिगत कोरून घेतली. हिटाइटांचा मुलूख, युफ्रेटिस नदीकाठचं कार्केमिश शहर, आलाशिया म्हणजे सायप्रस, कुणीही त्यांच्यापुढे टिकलं नाही आणि मी मात्र त्यांना हरवलं, असं तो सांगतो. दुसऱ्या रामसेसनं कादेशबद्दल काय कोरून घेतलं होतं ते लक्षात असेल, तर ही भिंतही जपूनच वाचायला हवी. कार्केमिश तर पडलंच नव्हतं. तिथे हिटाइट राजघराण्याचीच एक शाखा पुढेही राज्य करत राहिली.

आणि त्याच भिंतीवरच्या चित्रात एक तपशील आहे, जो राजाच्या मजकुरात येत नाही. जमिनीवरच्या लढाईच्या गर्दीत बैलगाड्या आहेत, भरीव चाकांच्या, आणि त्यांत बायका-मुलं बसलेली आहेत. नुसती लूट करायला निघालेली माणसं बायका-मुलांना गाडीत घालून आणत नाहीत. हे लोक आपलं बिऱ्हाड मोडून निघाले होते. मग त्यांना कशानं हलवलं, हा प्रश्न उरतोच.

इथे झाडं साक्षीला येतात. मध्य तुर्कस्तानात गॉर्डियन इथे इ.स.पू. आठव्या शतकातली एका राजाची प्रचंड समाधी आहे, आणि तिची आतली खोली जुनिपरच्या जुन्या ओंडक्यांची आहे. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं. पाऊस बरा झाला तर रुंद, कमी झाला तर अरुंद. २०२३ मध्ये या ओंडक्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इ.स.पू. ११९८ ते ११९६ ही सलग तीन वर्षं भीषण कोरडी गेल्याचं दिसलं. एक वाईट वर्ष त्या काळचा शेतकरी निभावून नेई. दुसऱ्या वर्षी बियाणाला हात लागतो. तिसऱ्या वर्षी पेरायलाच काही राहत नाही, कर भरणं तर दूरच.

हिटाइट राजे हातावर हात ठेवून बसले नव्हते. सुरुवातीच्या राजांनी हात्तुसात जमिनीखाली हजारो टन धान्य मावेल अशी कोठारं बांधली होती. चौथ्या तुधालियानं इ.स.पू. १२४० च्या सुमारास धरणं बांधली, त्यांतल्या अलाजाहुयुकच्या धरणात अजूनही पाणी साठतं. इजिप्तकडून धान्य मागवलं जात होतं आणि मर्नेप्ताह या इजिप्तच्या राजानं, हिटाइटांचा देश जगावा म्हणून जहाजांतून धान्य पाठवल्याचं कोरून ठेवलं आहे. उगारित बंदरात सापडलेल्या एका पत्रात सुमारे ४५० टन धान्य ताबडतोब जहाजानं पोचतं करा, असं बजावलं आहे. कारण एकाच वाक्यात दिलं आहे: हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

उगारित म्हणजे आजच्या सीरियाच्या किनाऱ्यावरचं रास शामरा. हिटाइटांचं मांडलिक, आणि व्यापारामुळे फार श्रीमंत. तिथला शेवटचा राजा अम्मुरापी यानं आलाशियाच्या राजाला लिहिलेलं पत्र सापडलं आहे. तो त्याला वडील म्हणून संबोधतो. शत्रूची जहाजं आली, त्यांनी माझी गावं जाळली, असं सांगून तो विचारतो की माझं सगळं सैन्य आणि रथ हिटाइटांच्या देशात आहेत आणि सगळी जहाजं लुक्का देशात आहेत, हे तुम्हांला माहीत नाही का? आणि मग येतो आकडा: शत्रूची सात जहाजं आली आणि त्यांनी आमची नासधूस केली.

सात! एका संपन्न बंदराला सात जहाजं भारी पडावीत, हे एरवी शक्य नव्हतं. पण सम्राटाला मदत हवी होती म्हणून मांडलिकाचं सैन्य त्याच्याकडे गेलेलं, आरमार दुसऱ्या किनाऱ्यावर अडकलेलं, आणि घरी कुणीच नाही. ही सगळी पडझड मला या एका पत्रात दिसते. दुष्काळ, भूकंप, बंडाळी, हल्ले, यांपैकी एकेक संकट या राज्यांनी आधीही सोसलं होतं. पण जोडीला एकमेकांची मदत असायची. या वेळी मदत मागणारा आणि मदत देणारा दोघंही एकाच वेळी अडचणीत आले. इ.स.पू. ११९० च्या आसपास उगारित जळालं. खोदकामात रस्त्यांवर आणि घरांत बाणांची टोकं विखुरलेली सापडली. लोकांनी पुरून ठेवलेले ऐवज तसेच जमिनीत राहिले, न्यायला कुणी परत आलं नाही.

इजिप्त टिकलं, पण तेही पोकळ होत गेलं. समुद्री लोकांवरच्या विजयानंतर वीसेक वर्षांनी, त्याच तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या देर अल-मदिना गावच्या कारागिरांनी काम थांबवलं. धान्याच्या रूपातला त्यांचा पगार थकला होता. भुकेपायी आणि तहानेपायी आम्ही इथे आलो आहोत. कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, राजाला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितल्याचं तूरिनमधल्या पपायरसवर लिहिलेलं आहे. जगातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी हा एक. पुढे खुद्द रामसेसचाच खून झाला. २०१२ मध्ये त्याच्या ममीच्या तपासणीत गळा चिरल्याची खोल जखम दिसली.

हात्तुसाचं काय झालं? बरीच वर्षं समज असा होता की शत्रूनं चाल करून शहर पेटवलं. अलीकडच्या उत्खननांतून वेगळं चित्र दिसतं. जळालेल्या इमारतींत मौल्यवान वस्तू जवळजवळ नाहीत. म्हणजे आग लागली तेव्हा त्या रिकाम्याच होत्या. दरबार सामानसुमान घेऊन आधीच निघून गेला असावा, आणि ओस पडलेल्या शहराला नंतर कुणीतरी आग लावली. जड मातीचे लेख मात्र मागेच राहिले.

आता विसरण्याच्या प्रश्नाकडे येता येईल. हिटाइटांचा कारभार कीलाकार लिपीत, म्हणजे ओल्या मातीवर पाचरीसारख्या खुणा उमटवून लिहायच्या लिपीत, चाले. शेकडो चिन्हं, ती शिकायला कित्येक वर्षं, आणि ती शिकणारे मूठभर लेखनिक राजवाडा नि देवळांच्या आश्रयानं राहणारे. पायलॉसच्या लेखांत हस्ताक्षरांवरून जेमतेम पंचवीस-तीस लिहिणारे ओळखता येतात. त्या मजकुरात मेंढ्या, तेल, लोकर आणि ब्राँझ आहे. एकही कथा किंवा कविता नाही. राजवाडा जळाल्यावर शेतकऱ्याला पाऊस हवा होता, बैल हवे होते. कोठारात किती तेल आलं हे लिहून ठेवण्याची गरज ज्याला होती तोच गेला. लेखनिकानं आपल्या मुलाला ती चिन्हं शिकवावीत तरी कशासाठी? ग्रीसमध्ये लिहिणं जवळपास चारशे वर्षं बंद पडलं. एका पिढीत वाचता येणारे थोडे उरले असतील, पुढच्या पिढीत एकही नाही. ही पायलॉसची लिपी पुन्हा वाचली गेली ती १९५२ मध्ये, मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाकडून.

माणसं मेली म्हणून साम्राज्य विस्मरणात गेलं, असं म्हणता येत नाही. माणसं मोठ्या संख्येनं होतीच. त्यांची खेडी लहान झाली, ती डोंगरांकडे सरकली, पण मुलं जन्मत राहिली. कार्केमिश आणि आसपासच्या राज्यांत तर कराबेलच्या खडकावर आहे तीच चित्रलिपी पुढे पाचशे वर्षं दगडांवर कोरली जात होती. ती मातीच्या दप्तरात बंद नव्हती, चौकात आणि दरवाज्यांवर लोकांच्या डोळ्यांसमोर होती. शेवटी आजच्या उत्तर इराकमधल्या ॲसिरिया या साम्राज्यानं ही राज्यं एकेक करून गिळली, कार्केमिश इ.स.पू. ७१७ मध्ये, आणि मग ती लिपीही गेली. हेरोडोटस जन्मला तेव्हा ती वाचणारं बहुधा कुणीच उरलं नव्हतं. ॲसिरियाचंही पुढे तेच झालं. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सैनिक झेनोफोन निनेव्हे या ॲसिरियाच्या जुन्या राजधानीच्या तटबंदीजवळून गेला, शहर पडून दोनशेच वर्षं झाली होती, आणि त्याला सांगण्यात आलं की इथे पूर्वी मेदी, म्हणजे इराणच्या बाजूचे, लोक राहत.

या काळात लोखंड का पुढे आलं, याचं कारणही इथेच आहे. ते सुरुवातीला ब्राँझपेक्षा सरस होतं म्हणून नव्हे. लोखंडाचा कच्चा माल जवळपास सगळीकडे मिळतो, त्यासाठी दूरदेशीचं कथिल लागत नाही. कारागीर आपल्या गावात बसून आपल्यापुरतं काम करू शकत होता.

लिपीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. उगारितच्या लोकांनी अवघ्या तीस चिन्हांची एक लिपी घडवली होती. ओल्या मातीवर कीलाकार खुणांनीच लिहायची, पण प्रत्येक चिन्ह एका ध्वनीचं, त्यामुळे शिकायला सोपी. हिशेब, पत्रं, देवांच्या लांब कथा, सगळं तीत लिहिलं गेलं. तिच्याच जवळच्या नात्यातली, बावीस अक्षरांची लिपी थोड्या दक्षिणेला बिब्लोस, सिदोन आणि टायर या फिनिशियन बंदरांत वाढली. दोन्ही सारख्याच सोप्या. पण उगारित शहर पुन्हा वसलं नाही आणि त्या तीस अक्षरांचा वापर करणारं कुणी उरलं नाही. बिब्लोस आणि टायर टिकून राहिले. तिथल्या व्यापाऱ्यांना माल मोजायला, करार लिहायला, परक्या बंदरात आपली खूण करायला अक्षरं लागतच होती. ग्रीकांनी इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास तीच उचलली, स्वरांसाठी तिच्यात बदल केले, आणि पुढे तिच्यातून रोमन लिपी आली. तिचीच दुसरी शाखा अरामी. गांधारात अशोकाचे शिलालेख ज्या खरोष्ठीत आहेत, ती या अरामीतून घडली.

उगारितची अक्षरं १९२९ मध्ये क्लोद शेफर यांच्या उत्खननात पुन्हा उजेडात आली. ती कोणती भाषा लिहितात, हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पण चिन्हं तीसच असल्यामुळे हान्स बाउअर, एदुआर दोर्म आणि शार्ल व्हिरोलो यांनी वर्षभरात ती वाचून काढली.